मर्तिकातलं हसू : 'महानिर्वाण', 'लूट' आणि आपण

मर्तिकाला हसू नये, हे कुणाला शिकवावं लागत नाही. तरी हसू येतंच. परतीच्या गाडीत मागच्या सीटवर कुणीतरी खुसखुसतं, दुसरं कुणी दटावतं, आणि मग दटावणाऱ्यालाच जास्त आवरत नाही. घरी पोचून आंघोळी होईपर्यंत सगळे पुन्हा सुतकी चेहऱ्याचे. पुढे वर्षानुवर्षं तो प्रसंग दिवाळीच्या फराळाला आणि मुंजीच्या जेवणाला रंगवून सांगितला जातो, छापात मात्र कधी येत नाही. आपल्याकडे मृत्यूवर लिहायचं ते विलापिका, नाहीतर श्रद्धांजली. या हसण्याचा प्रांत मुळापासून नांगरणारं माझ्या मते मराठीत एकच नाटक आहे, सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण'. इंग्लंडात राहणाऱ्या मराठी माणसाने ते इथल्या मर्तिकांच्या शेजारी ठेवून पुन्हा वाचावं, एवढं सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

ज्यांनी पाहिलं-वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पुण्याच्या थिएटर अकादमीने नोव्हेंबर १९७४ मध्ये हे नाटक रंगभूमीवर आणलं. दिग्दर्शन आळेकरांचंच, संगीत आनंद मोडकांचं. चाळीत राहणारे भाऊराव मरतात, आणि मेल्यावर उठून स्वतःच्याच मरणावर कीर्तन करतात. बायको रमा रडते आहे, चाळकरी जमले आहेत, मुलगा नाना गावाला गेलेला आहे, आणि हे गृहस्थ बुवांच्या थाटात आपलं आख्यान लावून बसले आहेत. अडचण एकच. भाऊरावांना जाळून घ्यायचं आहे ते जुन्याच स्मशानात. ते बंद झालेलं. नव्या जागी विजेची दाहिनी. ती त्यांना नको. मग प्रेत घरात पडून राहतं, माशा घोंगावू लागतात, आणि इकडे रमेच्या मनात तिरडीभोवतीच्या माणसांतला 'डावीकडून तिसरा' घर करून बसतो.

या नाटकावर जे लिहिलं जातं ते बहुधा एकाच वाटेने जातं. मध्यमवर्गीय कर्मकांडाची खिल्ली, काळा विनोद, असंगत नाट्य वगैरे. त्यात खोटं काही नाही. पण खिल्ली म्हटलं की खिल्ली उडवणारा वर आणि ज्याची उडते तो खाली, असं चित्र उभं राहतं. 'महानिर्वाणा'त असं कुणी वर उभं नाही. आळेकरांनी घाट निवडला तो कीर्तनाचा, आणि कीर्तनात हसणं हा काही पाखंडीपणा नव्हे. पूर्वरंगात ब्रह्म आणि माया, उत्तररंगात सासू-सुनेची नक्कल, असं आपण लहानपणापासून देवळात मांडी घालून ऐकत आलो. बुवा रडवतोही आणि हसवतोही, आणि दोन्ही वेळा टाळ तोच असतो. आळेकरांनी फक्त बुवाला मेलेला दाखवला.

दुसरी गोष्ट इंग्लंडातच नीट दिसते. पुण्याच्या प्रेक्षकाला या नाटकात अशक्य काय वाटतं? प्रेत दिवसेंदिवस तसंच राहतं, हे. सकाळी गेलेला माणूस दुपारपर्यंत पोचवलेला असतो तिथे. आपल्याकडे, म्हणजे इथे, माणूस गेल्यावर दोन-दोन, तीन-तीन आठवडे अंत्यविधी होत नाही, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. डॉक्टरांचा दाखला, नोंदणी, शंका असेल तर कॉरोनर, आणि शेवटी क्रिमॅटोरियमची वेळ. भाऊरावांच्या बाबतीत जी आपत्ती, ती इथे रीत आहे. फक्त माशा नाहीत. थंडगार कप्पे आहेत.

या रीतीतून शास्त्राची जी फजिती होते ती मी जवळून पाहिली आहे. आमच्या एका आप्तांचं डिसेंबरच्या मध्यावर निधन झालं. पुढे नाताळ, बॉक्सिंग डे, नववर्ष. क्रिमॅटोरियमची वेळ मिळाली ती जानेवारीत. आता सुतक कधीपासून धरायचं? गेल्या दिवसापासून धरलं तर दहावा आणि तेरावा दोन्ही दहनाच्या आधी येतात. दहनापासून धरलं तर महिनाभर कुणी कुणाच्या घरी जायचं नाही. पुण्याच्या गुरुजींना फोन लावला. त्यांनी शांतपणे विचारलं, "देह कुठे आहे?" सांगितलं, "फ्रीजमध्ये." पलीकडे बराच वेळ शांतता. मग गुरुजी म्हणाले, "भारतातला फोन महाग पडतो हो तुम्हाला, मी विचार करून सांगतो." शेवटी घरातल्यांनी आपापसात तोडगा काढला: तेराव्याचं जेवण रजेच्या दिवसांत सगळे मोकळे असताना उरकलं, आणि ज्यांचं तेरावं जेवलो त्यांना पोचवायला पाच दिवसांनी गेलो. जेवणावर बसलेल्या एका मावशींनी "गेले बिचारे" म्हणून उसासा टाकला, तर त्यांचे यजमान म्हणाले, "अजून कुठे, मंगळवारी जायचेत." श्रीखंड हातात घेऊन सगळी पंगत हसली. आळेकरांना हे सुचलं असतं तर समीक्षकांनी अतिशयोक्ती म्हटली असती.

भाऊरावांचा हट्ट मला तर सरळच न्यायालयात गेलेला दिसतो. न्यूकॅसलच्या देवेंद्र कुमार घई यांनी आपलं दहन उघड्या चितेवर, सूर्यप्रकाशात व्हावं म्हणून नगर परिषदेकडे परवानगी मागितली. परिषदेने २००६ साली नकार दिला, २००९ साली हायकोर्टानेही दिला. अडथळा होता १९०२ च्या दहन कायद्याचा. मानवी देह क्रिमॅटोरियमबाहेर जाळता येत नाही, आणि क्रिमॅटोरियम म्हणजे 'इमारत'. फेब्रुवारी २०१० मध्ये अपील न्यायालयाच्या विद्वान न्यायमूर्तींनी गंभीरपणे ऊहापोह केला तो इमारत कशाला म्हणायचं याचा, आणि भिंतींत नि छपरात मोकळ्या जागा सोडलेला निवाराही इमारत होऊ शकतो असं ठरवून घई यांच्या बाजूने निकाल दिला. प्रत्यक्ष असा निवारा बांधायच्या परवानग्या हा प्रश्न वेगळाच राहिला. घईंना हसण्याचा माझा बिलकुल इरादा नाही. माणूस शेवटपर्यंत आदराने झगडला. पण छपराला भोक किती असलं म्हणजे आत्मा आणि कायदा दोघांचं समाधान होईल, या वादातला रस 'महानिर्वाणा'च्या प्रेक्षकालाच पुरता कळेल. याच देशात ब्रायटनजवळच्या टेकडीवर पहिल्या महायुद्धात हिंदू आणि शीख जवानांना उघड्या चितांवर अग्नी दिला गेला होता. आज तिथे छत्री उभी आहे, १९२१ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते उद्‌घाटन झालेली. सरकारला गरज होती तेव्हा इमारत आड आली नाही.

जाता जाता आणखी एक. दहन आपलं आणि दफन त्यांचं, असं आपण समजतो. पण दहनाची इथली सुरुवातही गंभीर चेहऱ्याने झालेली नाही. वोकिंगची भट्टी तयार झाल्यावर १८७९ साली तिची पहिली परीक्षा झाली ती एका घोड्यावर. वेल्समध्ये डॉ. विल्यम प्राइस या ड्रुइड म्हणवणाऱ्या म्हाताऱ्याने १८८४ च्या जानेवारीत एका रविवारी टेकडीवर आपल्या तान्ह्या मुलाला अग्नी दिला. जमावाने त्याला जवळजवळ फाडून खाल्लं, पण खटल्यात न्यायाधीशांनी दहन बेकायदा नाही असं सांगितलं. एका वर्षाने वोकिंगला पहिलं अधिकृत दहन झालं. आज या देशात पाचांतले चार जण जाळून घेतात. म्हणजे या बाबतीत तेच आपल्याकडे आले म्हणायचे.

आता इंग्रजांच्या नाटकाकडे. 'महानिर्वाणा'च्या आधी नऊ वर्षं, १९६५ साली, जो ऑर्टनचं 'लूट' रंगभूमीवर आलं. पहिला दौरा साफ पडला. १९६६ साली लंडनमध्ये नव्याने उभं राहिलं, आणि त्या वर्षीच्या सर्वोत्तम नाटकाचं 'ईव्हनिंग स्टँडर्ड' पारितोषिक घेऊन गेलं. आईची शवपेटी घरात आहे. मुलाने आणि त्याच्या मित्राने बँक लुटली आहे. पैसे लपवायला जागा नाही म्हणून आई कपाटात आणि पैसे पेटीत. शोधायला आलेला इन्स्पेक्टर महाबेरकी, शुश्रूषा करणारी नर्सच खुनी, आणि घरातला एकमेव भाबडा, कायदा मानणारा माणूस म्हणजे विधुर बाप, तोच शेवटी तुरुंगात. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं ही आपली म्हण. ऑर्टनने तिचं नाटक करून दाखवलं.

दोन्ही नाटकं शेजारी ठेवली की एक फरक डोळ्यांत भरतो. त्या काळी इथे नाटकांना लॉर्ड चेंबरलेनची सेन्सॉरशिप होती, आणि त्या कचेरीची अट अशी की प्रेताच्या जागी जिवंत नटी नको, बाहुली हवी. म्हणजे 'लूट'मधलं प्रेत सरकारी हुकमाने मुकं! लंडनच्या पार्क थिएटरने २०१७ साली न कापलेली संहिता केली तेव्हा प्रेताच्या भूमिकेत खरी नटी आली, पण बोलायला तिलाही काही नाही. ऑर्टनची आई ही एक अडगळ आहे. उचलायची, लपवायची, तिचा काचेचा डोळा घरंगळत जातो तो शोधायचा. तिला काय हवं होतं हे कुणी विचारत नाही, आणि नाटककारही विचारत नाही. उलट भाऊराव थांबायचंच नाव घेत नाहीत. ऑर्टनचं हसू संतापाचं आहे. दारासमोर शववाहिका आली की पडदे ओढून घेणाऱ्या सभ्य गल्लीवर ते थुंकतं. त्यात धार आहे आणि संवाद तर असे की इंग्रजीत तसे फार थोड्यांना जमले. पण दुसऱ्या अंकात मला दम लागतो. प्रेत कुणाचंच नसलं की ते कितीही वेळा कपाटातून पडलं तरी तेच ते होतं. आळेकरांचं प्रेत कुणाचं तरी आहे. रमेचं आहे, नानाचं आहे, चाळीचं आहे, आणि सगळ्यात आधी स्वतःचं. म्हणून तिथे हसता हसता घसा दाटतो.

ऑर्टनची गोष्ट मात्र नाटकाबाहेर जास्त बोलकी झाली. १९६६ च्या नाताळात त्याची आई लेस्टरला वारली. अंत्यविधीहून येताना त्याने आईची कवळी आणली आणि 'लूट'मध्ये मुलाची भूमिका करणाऱ्या केनेथ क्रॅनमच्या हातात ठेवली. नाटकात आईची कवळी वाजवायचा प्रसंग आहे. त्याला अस्सल आणून दिली! नट बिचारा हादरला. हे निर्दयपण की दुसऱ्या कुठल्याही रीतीने रडता न येणाऱ्या मुलाचं रडणं, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. आठ महिन्यांत त्याचा स्वतःचा खून झाला. गोल्डर्स ग्रीनच्या क्रिमॅटोरियममध्ये त्याची पेटी आत आली ती बीटल्सच्या गाण्यावर. त्याच गोल्डर्स ग्रीनला फ्रॉइडच्या अस्थी एका प्राचीन ग्रीक कलशात आहेत, आणि विनोदाचा अबोध मनाशी काय संबंध यावर त्याने १९०५ साली ग्रंथ लिहिलेला. आपल्यापैकी कितीतरी जणांनी आपली माणसं याच दारातून आत नेली. ऑर्टनच्या लेस्टरजवळ सोअर नदीत आज हिंदूंच्या अस्थींचं विसर्जन होतं.

माझ्या आत्याच्या यजमानांना घरात सगळे नाना म्हणत. त्यांच्या शववाहिकेत इथल्या पद्धतीप्रमाणे पेटीशेजारी पांढऱ्या शेवंतीत गुंफलेली मोठी इंग्रजी अक्षरं ठेवली होती: 'नाना'. इंग्रजीत नाना म्हणजे आजी. शववाहिकेच्या वयस्क चालकाने आत्याचा हात हातात घेऊन, डोळ्यांत खरोखर पाणी आणून सांगितलं की आजीची जागा कुणी भरून काढू शकत नाही. आत्या म्हणाली, "थँक यू." पुढे म्हणायची, "एवढ्या मायेने बोलला, कशाला त्याला नानांची मिशी सांगायची?" शेजारच्या इंग्रज बाई पुस्तकात वाचून आल्या होत्या की हिंदूंमध्ये पांढरं घालतात, म्हणून पांढऱ्याशुभ्र पोशाखात. आणि आम्ही साठ जण, इंग्रजांचा मान राखावा म्हणून, काळ्या कोटांत.

असले प्रसंग इथे इतके का घडतात, याचं उत्तरही मला 'महानिर्वाणा'तच सापडतं. चाळीत मर्तिक म्हणजे काम. बांबू कुणी आणायचे, सुतळी कुणी, मडकं कुणी धरायचं, गोवऱ्या कुठल्या वखारीतून, आणि खांद्याला उंचीने सारखी माणसं कोण. प्रत्येकाला काहीतरी येतं, आणि ज्याला काहीच येत नाही तो सूचना करतो. तिथलं हसू या गर्दीतून उपजतं. इथे अंडरटेकर सगळं करतो, आणि चोख करतो. आपल्या हाताला काही उरत नाही. अर्ध्या-पाऊण तासाची वेळ, बाहेर पुढची मंडळी थांबलेली, आत मुलगा उभा, गुरुजी भराभर मंत्र म्हणताहेत, आणि शेवटी त्याने काय करायचं, तर एक बटण दाबायचं. रिकामे हात कशाला तरी चाचपडू लागतात, फुलांची अक्षरं मागवतात, भलती कॅसेट लावतात.

कॅसेटची गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमचे एक काका, हौशी नट आणि त्याहून हौशी दिग्दर्शक. गणेशोत्सवात त्यांनी पंचवीस वर्षं नाटकं बसवली आणि प्रत्येक तालमीत घसा बसेपर्यंत ओरडले. ते गेले नव्वदीच्या सुरुवातीला. मुलाने घरातली एक कॅसेट घेऊन तिच्यावर भीमसेन जोशींचा अभंग भरला आणि क्रिमॅटोरियमच्या माणसाच्या हाती दिली. अभंग चालू असताना पेटीपुढचा पडदा सरकायला लागायचा, असं ठरलं. पण अभंग आधी संपला. थोडी खरखर झाली. पडदा सरकू लागला, आणि भिंतीतल्या स्पीकरमधून काकांचा आवाज आला, खणखणीत: "ए, पडदा कोण ओढतंय? थांबा! माझं वाक्य संपलं नाहीये अजून!"

जुन्या तालमीचं ध्वनिमुद्रण खाली शिल्लक राहिलेलं. पडद्यामागच्या इंग्रज माणसाला मराठी कळत नव्हतं, त्यामुळे पडदा थांबला नाही. कुणीच हललं नाही. मग पहिल्या रांगेतून हसू फुटलं, काकूंचं. "ऐकलं नाही ना कधी कुणी त्यांचं," एवढं म्हणून त्या पदरात तोंड घालून हसत राहिल्या, आणि ते हसणं कुठे संपलं नि रडणं कुठे सुरू झालं ते मागे बसलेल्या आम्हाला कळलं नाही. तेव्हापासून मेलेला माणूस उभा राहून बोलतो ही आळेकरांची कल्पना मला कल्पना वाटत नाही. नुकत्याच गेलेल्या माणसाचा आवाज घरात अजून चालूच असतो. आळेकरांनी तो रंगमंचावर मोठ्याने लावला, इतकंच.

इंग्रज या बाबतीत अलीकडे मोकळे झाले आहेत. माँटी पायथनचा ग्रॅहम चॅपमन १९८९ मध्ये गेला, त्याच्या स्मरणसभेत जॉन क्लीझने श्रद्धांजली म्हणून त्याला शिव्या घातल्या आणि सगळ्यांनी मिळून क्रुसावरचं विनोदी गाणं म्हटलं. तेच गाणं २०१४ साली इथल्या एका मोठ्या अंत्यविधी संस्थेच्या यादीत पहिलं आलं. मला यात किंचित खोट दिसते. ठरवून, छापील कार्यक्रमपत्रिकेत घालून आणलेलं हसू हे हारासारखंच एक सामान झालं. २००७ चा 'डेथ ॲट अ फ्युनरल' हा चित्रपटही असाच. सुरुवातीला अंडरटेकर घरी भलतंच प्रेत आणून ठेवतो, तो क्षण अव्वल. पुढे गोळ्या, ब्लॅकमेल, धावाधाव, म्हणजे यंत्र. त्याच्यावरून हिंदीत गोव्यातल्या ख्रिस्ती कुटुंबाचा 'डॅडी कूल' निघाला, त्याबद्दल न बोललेलंच बरं. 'व्हेंटिलेटर' हा २०१६ चा मराठी चित्रपट त्या मानाने खूपच वरचा, कारण त्यातल्या नातेवाइकांना विनोद करायचा नसतो. ते फक्त नातेवाईक असतात.

तीच गोष्ट कावळ्याची. दहाव्याला उपनगरातल्या एका मागच्या अंगणात पिंड ठेवलेला. कावळे समोरच्या झाडावर होते, येत नव्हते. जे जे काही राहून गेलं होतं ते सगळं कबूल करून झालं: घर विकणार नाही, धाकटीचं लग्न थाटात करू, पुण्याच्या बँकेतले पैसे मोठ्यालाच. कावळा ढिम्म. तेवढ्यात कुंपणावरून एक खार उतरली आणि सरळ पिंडाला तोंड लावून बसली. वाद सुरू झाला. दर्भाचा कावळा करावा असा एक पक्ष. दुसरा म्हणाला, खार रामाची, तिला चालतं. त्यावर घरातल्या शाळकरी मुलीने शाळेत शिकलेलं सांगितलं की ही करडी खार मूळची इथली नव्हेच, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेहून आणलेली आहे, आणि इंग्रजांना ती आवडत नाही. हे ऐकून आजोबा म्हणाले, "म्हणजे आपल्यातलीच. चालेल." आणि पाण्याला उठले.

गौरी देशपांडे यांनी 'महानिर्वाणा'चं इंग्रजी भाषांतर केलं आहे. चांगलं आहे, पण कीर्तनाचा ठेका इंग्रजीत उतरत नाही, तो उतरणारही नव्हता. कॅसेटवाल्या काकांच्या मुलाला मराठी वाचता येत नाही म्हणून मी ते त्याला दिलं होतं. तो आता पन्नाशी ओलांडलेला आहे. त्याला हसू आलं का, असं मी विचारलं. म्हणाला, सुरुवातीला आलं. मग बराच वेळ गप्प राहून त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला, "पण भाऊराव लकी. बाबा एकोणीस दिवस कुठे होते ते मला माहीत पण नाही. भाऊराव निदान घरी होता."